नायट्रोची सीट: कंबर नव्हे, छाती बघा

घोडबंदरहून खोपोलीला ग्रुप निघालाय आणि एकाची कंबर ४२, तर तो इमॅजिका पार्कच्या नायट्रो रोलर कोस्टरमध्ये मावेल का, असं विचारलंत. कंबर सोडा, छाती नि खांदे बघा; खांद्यावरून खाली येणारा बार तिथेच अडतो. बार आणि सीट जोडणारा छोटा पट्टा बकलात बसला नाही तर उतरवणारच, हुज्जत घालून उपयोग नाही. आधी बूड पार मागे टेकवा, पाठ ताठ, मगच बार ओढा. पुढे सरकून बसणारेच बहुधा अडकतात. खिसे रिकामे हवेत. कोस्टर फ्लोअरलेस, पाय लोंबकळतात. सैल चपला नकोच. डोकं मागे टेकलेलं ठेवा, नाहीतर वळणांवर कान बारवर आपटतात. शेवटची रांग उतारावर जास्त खेचते (मजा तिथेच), पण नवख्याला मधली द्या.