मदत हवी आहे: अ‍ॅव्हेन्टाडोर एसव्हीजे आणि जीटी३ आरएसची तुलना

राम राम मंडळी, जळगावच्या गाडीप्रेमींसाठी जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग रेसट्रॅकवरच्या फेरीच्या वेळांचा तक्ता करतोय, एका ठिकाणी अडलंय.

लॅम्बोर्गिनी अ‍ॅव्हेन्टाडोर एसव्हीजे (२०१८): ६:४४.९७. पोर्शे ९११ जीटी३ आरएस (२०२२): ६:४९.३२८. सरळ बघितलं तर लॅम्बोर्गिनी पुढे. पण पहिली वेळ २०.६ किमीची, दुसरी २०.८३२ किमीच्या पूर्ण फेरीची. त्याच जुन्या २०.६ किमीवर पोर्शेची वेळ ६:४४.८४८ आहे, म्हणजे ७७० पीएसच्या (पीएस म्हणजे अश्वशक्ती) गाडीला ५२५ पीएसची गाडी भिडते! कारण वळणात आहे: २८५ किमी वेगाला पोर्शेला खाली दाबणारा ८६० किलोचा हवेचा दाब, म्हणजे डाउनफोर्स. वजनातही गफलत होते, लॅम्बोर्गिनीचे १५२५ किलो हे तेल-पाण्याशिवायचं कोरडं वजन आहे.

आता प्रश्न. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ वर जातो. १५ अंशांच्या तुलनेत हवा साधारण ९ टक्के विरळ, दोन्ही इंजिनं बिनटर्बोची (हवा दाबून न भरणारी), त्यामुळे ताकद घटणार; पण डाउनफोर्सही तेवढाच घटेल ना? मग जास्त नुकसान कोणाचं? आणि टायरची हवा दर १० अंशांना दीडेक पीएसआय चढते, तर थंड टायरात किती कमी भरून निघावं? ट्रॅकवर गेज लावून मोजलेले आकडे असतील तर टायरच्या नावासकट द्या, भाऊ.