उघड्यावरचं लग्न: त्या दिवसापुरता कोऑर्डिनेटर खरंच लागतो का?

धाकटी_बहीण:
ताईचं लग्न मोकळ्या मैदानावर आहे, संध्याकाळचं. मांडव, जेवण, साऊंड, फोटो सगळे वेगवेगळ्या लोकांकडे दिलेत. जागेवाल्यांचाही एक माणूस दिवसभर असेल. बाबांचं म्हणणं, घरात एवढी माणसं असताना या सगळ्यांना सांभाळायला पैसे देऊन कोऑर्डिनेटर कशाला? मला मात्र धाकधूक आहे, कारण सगळ्यांचे नंबर माझ्या फोनमध्ये आहेत आणि त्या दिवशी मला ताईजवळ राहायचंय. हॉल असता तर विचारलंही नसतं. कोणी अनुभव सांगेल का?

लाईटवाला:
मी लग्नांना लाईट, साऊंड आणि जनरेटर लावतो, त्यामुळे मागच्या बाजूने काय काय घडतं ते रोज बघतो. माझं मत स्पष्ट आहे: उघड्यावर लग्न आणि चार वेगळे व्हेंडर असतील तर कोऑर्डिनेटर घ्याच.

जागेवाल्यांचा माणूस जागा सांभाळतो. फाटक, पाणी, पार्किंग, झालंच तर मेन स्विच. फोटोग्राफर अडकला किंवा फुलं आली नाहीत, तर ते त्याचं काम नाही आणि त्याला बोलही लावता येत नाही.

आता विजेचं बघा. स्वयंपाकाची माणसं आली की पाण्याचा बॉयलर दिसेल त्या सॉकेटला लावतात. तीन किलोवॉटचा बॉयलर म्हणजे 230 व्होल्टवर 13 अँपिअर. त्याच लाईनवर माझा अँप्लिफायर असला की ट्रिप होऊन ऐन विधीत माईक बंद. कोणाची वायर कुठून घ्यायची हे आदल्या आठवड्यातच कागदावर ठरायला हवं. मी केटररला सांगायला गेलो तर तो म्हणतो, तू कोण सांगणार? आणि त्याचंही बरोबरच आहे.

उजेडाचंही तसंच. सूर्य मावळल्यावर कामापुरता उजेड बहुतेक ठिकाणी अर्ध्या तासाच्या आसपासच टिकतो. विधी चाळीस मिनिटं लांबला तर घरच्यांचे दिवसाउजेडी काढायचे फोटो गेलेच समजा. अशा वेळी भाषणं मागे ढकलून आधी फोटो उरकून घ्या, हे मोठ्यांना घरातलं कोणी सांगत नाही. बाहेरचा माणूस सांगू शकतो.

सगळ्यात मोठी गोष्ट हवामान. ढग भरून आलेत, वाऱ्याने माईकमध्ये घरघर सुरू झालीय आणि मी साऊंडच्या मिक्सरवर हात ठेवून उभा आहे, हे कितीदा तरी झालंय. काकांना विचारलं तर ते म्हणतात भावाला विचार, भाऊ कपडे बदलतोय, आणि वडील म्हणतात, "पाच मिनिटं बघू." त्यांचा जीव त्या विधीत अडकलेला असतो, त्यांच्याकडून थांबा असा शब्द निघणं अवघडच. पण वीज चमकल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर माणसांना पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत न्यायचं असतं. मांडव त्यात धरायचा नाही. आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं बाहेर पडायचं नाही. हा निर्णय घेणारा एकच माणूस हवा, आणि तो आधीच ठरलेला हवा.

एका लग्नात कोऑर्डिनेटर बाईंनी दुपारीच रडार बघून खुर्च्या छपराखाली हलवायला लावल्या. पाऊस आलाच नाही. दोन-तीन नातेवाईक कुरकुरले, तर त्यांनी सरळ सांगितलं, "निर्णय माझा होता." नवरीच्या आईपर्यंत एक शब्द पोचला नाही. माझ्या मते त्यांची फी तिथेच वसूल झाली.

पाणपोई:
थोडं वेगळं मत. माझ्या भावाचं लग्न बागेत झालं. पाहुणे मोजके, मांडव आणि जेवण एकाकडेच. मावशीने सगळं सांभाळलं आणि उत्तम सांभाळलं, कारण तिला कोणी मध्ये टोकत नव्हतं. छोट्या लग्नाला हे जमतं. फक्त विधी चालू असताना ती फाटकावर टेम्पो मागे घ्यायला लावत होती. फोटोत ती कुठेच नाही, याचं आम्हाला अजून वाईट वाटतं.

धाकटी_बहीण:
दोघांचेही आभार. आमच्याकडे पाहुणे बरेच आहेत, म्हणजे मावशी नको. पण "त्या दिवसापुरता" म्हणजे तो सकाळीच येणार का? ठरवताना काय विचारू?

लाईटवाला:
नाव तसं असलं तरी चांगला माणूस तीन-चार आठवडे आधी हातात घेतो. प्रत्येक व्हेंडरशी काय ठरलंय ते वाचतो, फोन करून वेळा पक्क्या करतो आणि सगळ्यांना एकच वेळापत्रक पाठवतो. नुसता त्या सकाळी उगवणारा म्हणजे दोन हात जास्त, एवढंच.

त्याला विचारा: जागा बघायला लग्नाच्याच वेळी येणार का? ऊन कोणाच्या डोळ्यांवर येतंय ते सकाळी जाऊन कळत नाही. पावसाचा निर्णय किती वाजता आणि कोणाच्या शब्दावर? शेवटची गाडी भरेपर्यंत थांबणार का? बरेच जण जेवणं सुरू झाली की निघतात, आणि मग रात्री भाड्याच्या खुर्च्या मोजायला तुम्हीच उरता.

ठरला की सगळ्या व्हेंडरना मेसेज टाका: त्या दिवशी फक्त याच नंबरवर फोन करायचा, याचा शब्द तो आमचा शब्द. हा मेसेज बाबांच्या फोनवरून गेलेला बरा.

मांडववाल्याकडून मात्र आजच लेखी घ्या, किती वाऱ्याला माणसं बाहेर काढायची. प्रत्येक बांधणीला ती मर्यादा असते. मैदानाचा साधा नकाशा काढून इथे टाकलात तर जनरेटर कुठे ठेवायचा, म्हणजे आवाज आणि धूर पाहुण्यांकडे येणार नाही, ते मी सांगतो.