वणव्यानंतर बी फेकण्याबद्दल

कुणीतरी सुचवलंय की वणवा गेलेल्या डोंगरावर पावसाआधी गवताचं बी फेकून द्या, माती थांबेल. अर्धंच पटतं. मारवेल, पवन्या या आपल्या डोंगरी गवतांचं बी फोलपटासारखं हलकं. ते राखेवर नुसतं उधळलं तर निम्मं वाऱ्याने जातं आणि उरलेलं पहिल्या वळवाच्या सरीबरोबर ओढ्यात. रुजून मुळं धरेपर्यंत मातीला जो काळ काढायचा असतो, तोच सगळ्यात धोक्याचा. कॅलिफोर्नियात जळलेल्या डोंगरांवर कितीतरी दशकं हेलिकॉप्टरमधून रायग्रास नावाचं गवत पेरत होते. नंतरच्या पाहण्यांत दिसलं की पहिल्या पावसाळ्यात मातीची धूप थांबवायला त्याचा फारसा उपयोग होत नाही, उलट स्थानिक झाडोऱ्याची जागा मात्र ते खातं. त्यापेक्षा भाताचा किंवा गव्हाचा पेंढा पसरणं सरस ठरलं, कारण तो पडल्या दिवसापासून थेंबाचा मार झेलतो.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट. सह्याद्रीतला गवताचा वणवा झरझर पुढे सरकतो, त्यामुळे वरून काळं ठिक्कर दिसलं तरी बहुवार्षिक गवताचे ठोंब बरेचदा जिवंत असतात. काळं बूड बोटांनी फाकवून बघा, आत पांढरट-हिरवा कोंब असेल तर बी कशाला? तिथे जून-जुलैत गुरं सोडू नका, एवढंच पुरे. (हे गावात पटवणं बी फेकण्यापेक्षा अवघड, ते वेगळं.) जिथे बुडंही जळालीत तिथे मारवेलचे ठोंब आणून उताराला आडव्या ओळींत लावा. आणि दरवर्षी वणवा लागत राहिला तर टोकदार कुसळांचं कुसळी गवतच माजतं, मग कुठलंही बी आणा, उपयोग नाही.