जळगाव एमआयडीसीतील सर्व्हर हॉल: सगळीकडे कॅट ८ ओढावी का?

गिरणाकाठ (जळगाव):
नमस्कार. जळगाव एमआयडीसीत आमच्या कंपनीची नवी इमारत उभी राहत असून तिच्या पहिल्या मजल्यावर आठ रॅकचा सर्व्हर हॉल होणार आहे. मी चौदा वर्षे संगणक विभागात आहे, पण आजवर माझा संबंध एक गिगाबिटच्या जोडण्यांशीच आला. आता प्रत्येक सर्व्हरला २५ गिगाबिटच्या दोन जोडण्या आणि प्रत्येक रॅकमधून मुख्य स्विचपर्यंत १०० गिगाबिट असा आराखडा मंजूर झाला आहे. शिवाय जुन्या गोडाउनच्या माडीवर राखीव प्रतीचे दोन रॅक राहतील. केबलच्या वाटेने ते अंतर १८० मीटर भरते.

एका ठेकेदाराने सगळीकडे कॅट ८ (तांब्याची नेटवर्क केबल) धरली आहे आणि "एकदा ओढली की वीस वर्षे पाहायला नको" असे तो सांगतो. दुसऱ्याने गोडाउनसह सर्वत्र ओएम ४ (मल्टी मोड प्रकारचे) फायबर सुचवले आहे. दोघेही आपापल्या कोटेशनवर ठाम आहेत. त्यात केबलचा ट्रे काही ठिकाणी पत्र्याच्या छताखालून जातो आणि वैशाखात तिथे ठेवलेला थर्मामीटर ५० अंश दाखवत होता. या उष्णतेचा हिशेब कोणत्याही कोटेशनमध्ये नाही. तो करावा लागतो का?

भुसावळी (सध्या पुणे):
केबलच्या नावापासून सुरुवात केली की असाच गोंधळ होतो. आधी नकाशावर प्रत्येक जोडणीचे अंतर लिहा, मग सर्व्हरच्या मागे जाऊन कार्डावर कोणते पोर्ट आहे ते पाहा. निम्मा निर्णय तिथेच होतो.

कॅट ८ कागदावर उत्तम आहे. तिची बँडविड्थ २००० मेगाहर्ट्झ आहे आणि तिच्यावर २५ व ४० गिगाबिट चालवण्याचे मानकही २०१६ मध्येच मंजूर झाले. मात्र पॅच कॉर्ड (टोकांच्या छोट्या केबल) धरून तिचा पल्ला केवळ ३० मीटर आहे, आणि खरी अडचण त्याहून मोठी आहे: आरजे-४५ वर (नेहमीच्या नेटवर्क केबलच्या जोडावर) २५ गिगाबिट देणारे स्विच आणि कार्ड बाजारात जवळपास मिळतच नाहीत. आपल्या सर्व्हरच्या कार्डाला एसएफपी २८ चे (सुटे मॉड्यूल बसवायचे) खाचे असणार, त्यांत कॅट ८ ची कॉर्ड शिरणारच नाही. सध्या तरी हा प्रकार बाजारात तुरी असाच आहे.

रॅकच्या आत, म्हणजे सर्व्हरपासून त्याच रॅकच्या माथ्यावरील स्विचपर्यंत, डीएसी घ्या. ही दोन्ही टोकांना मॉड्यूल बसवूनच येणारी तांब्याची ट्विनॅक्स केबल असते. २५ गिगाबिटला ती ३ मीटरपर्यंत निर्धास्त चालते आणि आरएस-एफईसी ही चूक-दुरुस्ती सुरू ठेवल्यास ५ मीटरपर्यंत जाते. वीज ती जवळजवळ खातच नाही. याउलट, १० गिगाबिटच्या आरजे-४५ पोर्टाला पिढीनुसार २ ते ५ वॅट लागतात आणि सिग्नलला दोन मायक्रोसेकंदांच्या आसपास विलंब होतो. ४८ पोर्टांचे ते वॅट मे महिन्यात एसीलाच बाहेर काढावे लागतात, हे आपल्या भागात वेगळे सांगायला नको.

डीएसीत एक खोच मात्र आहे. आमच्याकडे एका रॅकमधील सोळापैकी चौदा जोडण्या लागल्या आणि दोन काही केल्या लागेनात. केबल बदलल्या, पोर्ट बदलले, संध्याकाळ झाली. शेवटी दिसले की स्विचवर आरएस-एफईसी होते आणि त्या दोन सर्व्हरच्या कार्डांवर जुन्या प्रकारचे एफईसी राहून गेले होते. दोन्ही टोकांची सेटिंग एकच हवी. स्विच एका कंपनीचा आणि कार्ड दुसऱ्या कंपनीचे असेल, तर मोठी ऑर्डर देण्यापूर्वी दोन नमुने मागवून लावून पाहा.

उष्णतेचा हिशेब तांब्याला निश्चित करावा लागतो. शील्ड नसलेल्या केबलमध्ये २० अंशांच्या वर, ४० अंशांपर्यंत, प्रत्येक अंशाला सिग्नलची घट सुमारे ०.४ टक्का वाढते आणि त्यापुढे ०.६ टक्का. ५० अंशांना ही वाढ १४ टक्क्यांवर जाते, म्हणजे ९० मीटरची कायम जोडणी ८० मीटरच्या आतच ठेवावी लागते. हॉलमधील अंतरे लहान असल्याने तिथे काही बिघडणार नाही. पण कॅमेरे, वायफाय आणि व्यवस्थापनाच्या पोर्टांसाठी कॅट ६ए ही तांब्याची केबल लागेलच आणि त्या केबल पत्र्याखालून जात असतील, तर लांबी आताच मोजून घ्या.

रॅकपासून मुख्य स्विचपर्यंत १५-२० मीटरला ओएम ४ पुरेशी आहे. गोडाउनला मात्र ती चालणार नाही, कारण १०० गिगाबिटच्या एसआर४ मॉड्यूलचा (मल्टी मोडवर प्रकाशाने सिग्नल पाठवणाऱ्या सुट्या भागाचा) ओएम ४ वरील पल्ला १०० मीटर आहे. तिथे सिंगल मोडच (बारीक गाभ्याची, लांब पल्ल्याची फायबर) हवी. दोन इमारतींमध्ये तांबे तर मुळीच ओढू नका; दोन्हीकडच्या अर्थिंगमधला फरक आणि पावसाळ्यातील विजा यांचे भोग शेवटी स्विचला भोगावे लागतात.

पांझरा (धुळे):
भुसावळी यांचे बहुतेक म्हणणे मान्य आहे, परंतु हॉलमध्ये ओएम ४ आणि गोडाउनला सिंगल मोड अशी दुहेरी व्यवस्था मी करणार नाही. सिंगल मोड कशीही लागणारच आहे, मग सगळीकडे तीच असू द्यावी. मल्टी मोडची मॉड्यूल स्वस्त पडतात हे खरे. पण आठ रॅकमध्ये वाचणारे पैसे आणि दोन प्रकारच्या कॉर्ड, दोन प्रकारची सुटी मॉड्यूल सांभाळण्याचा ताप यांचा मेळ मला बसत नाही. रात्री दोन वाजता घाईत पिवळ्या (सिंगल मोडच्या) कॉर्डच्या जागी आकाशी (मल्टी मोडची) कॉर्ड लावणारा माणूस मी पाहिला आहे. तो माणूस मीच होतो.

दुसरा मुद्दा सिग्नलच्या घटीचा. एसआर४ ला ओएम ४ वर संपूर्ण वाटेत एकूण १.९ डेसिबल घट चालते आणि त्यातील १.५ डेसिबल जोडांसाठी धरलेली असते. साध्या प्रतीच्या एमपीओ (अनेक तंतू एकत्र जोडणाऱ्या) जोडात ०.७५ डेसिबलपर्यंत घट होऊ शकते, म्हणजे दोन पॅच पॅनलमध्येच हिशेब संपतो. शिवाय एसआर४ बारापैकी आठ तंतू वापरते आणि उरलेले चार नुसते पडून राहतात. सिंगल मोडवर सीडब्ल्यूडीएम४ (एकाच तंतूतून चार तरंगलांबींचा प्रकाश पाठवणारे) मॉड्यूल घेतल्यास साध्या एलसी जोडाच्या दोन तंतूंवर १०० गिगाबिट २ किलोमीटरपर्यंत जाते. उद्या ४०० गिगाबिट आले तरी तंतू तेच राहतील. बदलतील ती फक्त मॉड्यूल.

सिंगल मोडचा गाभा मात्र ९ मायक्रॉनचा असतो, मल्टी मोडचा ५०, त्यामुळे धुळीचा एक कणही पुरतो. आपल्याकडे शेजारी डाळमिल असली की हवेत चुणीची पूड असतेच. जोडणीआधी टोक स्कोपखाली पाहा, पुसा आणि पुन्हा पाहा. टोपी लावून आलेली कोरी कॉर्डही पाहा; मी पाहिलेल्या निम्म्याअधिक कोऱ्या कॉर्ड पुसाव्या लागल्या आहेत.

केळीबाग (यावल):
भाऊ, थोडे ठेकेदाराविषयी लिहितो. कॅट ६ए चा ३०५ मीटरचा बॉक्स आला की त्यातली एक तार ब्लेडने खरवडून पाहा. आत पांढरी चमक दिसली, तर ते तांबे नसून तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम आहे. ती केबल मानकात बसत नाही, आणि पीओईवर (नेटवर्क केबलमधूनच वीज देऊन) कॅमेरे चालवायचे असतील तर ती अधिक तापते. आमच्या एका बॉक्सवर चकचकीत छपाई होती आणि आत हेच निघाले. बॉक्स उचलतानाच हलका लागला होता, तेव्हाच समजायला हवे होते.

गोडाउनकडे जाणारे फायबर आर्मर्ड घ्या, कारण उंदरांना त्याची किंमत कळत नाही. ते एचडीपीई डक्टमधून न्या आणि त्याच्या पोलादी आवरणाला अर्थिंग द्यायला विसरू नका. पाइपांच्या गावात डक्ट शोधायला लांब जावे लागणार नाही.

गिरणाकाठ (जळगाव):
सर्वांचे आभार. आज सर्व्हरचे कार्ड पाहिले. एसएफपी २८ च आहे, त्यामुळे कॅट ८ चे कोटेशन बाद केले. रॅकच्या आत डीएसी, बाकी सर्वत्र सिंगल मोड आणि कॅमेऱ्यांपुरती कॅट ६ए असे ठरले आहे. एक शेवटची शंका: गोडाउनसाठी १२ तंतूंची केबल पुरेल का? आज आम्हाला फक्त चार लागतात.

पांझरा (धुळे):
२४ तंतूंची घ्या. खर्च खोदाईचा आणि मजुरीचा असतो, जादा तंतूंचा फरक त्यापुढे किरकोळ. मात्र २४ ची एक ओढण्याऐवजी १२ च्या दोन, आवाराच्या दोन वेगवेगळ्या बाजूंनी नेता आल्या, तर ते अधिक बरे. जेसीबी एका वेळी एकाच बाजूला खोदतो. आणि अंतिम बिल देण्यापूर्वी प्रत्येक तंतूचा दोन्ही दिशांनी घेतलेला ओटीडीआर (तंतूतील घट आणि दोष शोधणाऱ्या यंत्राचा) रिपोर्ट मागा.

गिरणाकाठ (जळगाव):
पश्चिमेच्या कुंपणालगत जुना पाण्याचा चर आहे, तिथून दुसरी वाट निघते. उद्या टेप घेऊन मोजतो.