गाडी आणि ड्रोनमधला पुरावा: एका दिवसात पोलीस ठाण्यातल्या पोरांना काय शिकवू?

खाडीकाठचा_हवालदार:
नमस्कार मंडळी. रत्नागिरी जिल्ह्यात सागरी हद्दीच्या ठाण्यात आहे. गाड्या आणि ड्रोनमधला डिजिटल पुरावा या विषयावर ठाण्यातल्या पोरांचा एक दिवसाचा वर्ग माझ्याकडे आलाय. महामार्गावरचे अपघात नेहमीचेच, आणि आता पुळणीवर ड्रोन सापडला तरी आम्हालाच फोन येतो. महागडं सॉफ्टवेअर नाही. मग शिकवू काय?

निवृत्त_प्रयोगशाळा:
दादा, डेटा काढणं प्रयोगशाळेचं काम. तुमच्या पोरांच्या हातात जप्तीचा पहिला अर्धा तास आहे आणि बहुतेक पुरावा तिथेच जातो. माझी नोकरी तसले नग उघडण्यात गेली, म्हणून कळकळीनं सांगते.

ड्रोन सापडला की ‘चालतोय का बघू’ म्हणून बटण दाबायचं नाही. आत खारं पाणी असेल तर वीज मिळताच सर्किट जळतं. बॅटरी काढून वेगळी ठेवा. फुगली किंवा तापली असेल तर तिला हात लावू नका. उन्हात वाळवत ठेवू नका, मीठ आतच बसतं. त्याच दिवशी प्रयोगशाळेला फोन करा. उडवणारा सापडला तर रिमोट आणि ॲपवाला मोबाइलही जप्त करा. डीजेआय या चिनी कंपनीच्या बऱ्याच ड्रोनची उड्डाणनोंद ड्रोनच्या पोटात असते, तशी मोबाइलमध्येही असते. ड्रोन गुहागरच्या किनाऱ्यावर पडला तरी उडाला कुठून, ते बहुधा त्या नोंदीतल्या ‘होम पॉइंट’वरून कळतं.

गाडीची चावी फिरवायची नाही. स्क्रीनच्या सिस्टीममध्ये जोडलेले मोबाइल, कॉल, कधी दार उघडल्याच्या नोंदीही असतात; गाडी चालू केली की जुन्यावर नवं लिहिलं जाऊ शकतं. क्रेनवाला चावी मागेल, त्याला गाडी ट्रॉलीवर चढवायला सांगा. काही गाड्यांच्या एअरबॅग मोड्यूलमध्ये, म्हणजे एअरबॅग उघडणाऱ्या यंत्रणेच्या डबीत, धडकेआधीच्या साधारण ५ सेकंदांचा वेग आणि ब्रेक नोंदलेला असतो. चालक म्हणतो ब्रेक मारला होता, ते तिथे तपासता येतं.

चिपळूणचा_वकील:
ताईंचं अगदी बरोबर. कागदाचंही शिकवा. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र डिजिटल पुराव्याला लागतं, त्यात हॅश व्हॅल्यू (डेटाचा जणू बोटाचा ठसा; डेटा बदलला की तोही बदलतो) लिहावी लागते. झडती-जप्तीचं चित्रीकरण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार करायचं. बचाव पक्षाचा पहिला प्रश्न असतो, जप्तीपासून प्रयोगशाळेपर्यंत नग कुणाकुणाच्या ताब्यात होता?

खाडीकाठचा_हवालदार:
ताई, वकीलसाहेब, आभार. एक शंका. एका अहवालात ड्रोनची वेळ पंचनाम्याशी जुळेना, साडेपाच तासांचा फरक.

निवृत्त_प्रयोगशाळा:
ती वेळ जागतिक प्रमाणवेळेत असणार, साडेपाच तास मिळवा म्हणजे आपली वेळ येईल. मोबाइल किंवा गाडीचं घड्याळ दिसत असेल तर शेजारी आपलं घड्याळ धरून फोटो काढा आणि दोन्ही वेळा पंचनाम्यात लिहा. वर्गात भाषण कमी ठेवा. आवारात पडलेली एखादी भंगार गाडी घ्या आणि प्रत्येकाकडून जप्तीचा पंचनामा लिहून घ्या.