व्हीआरएसवर (स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जावर) सही करावी का? भोसरीतला कारखाना, कायम कामगार १७०

सीएनसी_दुसरी_पाळी

भोसरी एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग बनवणारा कारखाना. कायम कामगार १७०, कंत्राटी साधारण २२०. युनियन नोंदणीकृत आहे, पण मागचा करार संपून वर्ष झालं आणि नव्या मागणीपत्रावरची बोलणी अडकलीत. आता एचआर एकेकाला केबिनमध्ये बोलावून व्हीआरएसचा फॉर्म पुढे करतंय. सगळं मिळून ६ लाख, मुदत शनिवारपर्यंत. सही नाही केली तर गुजरातमधल्या साणंदच्या प्लँटला बदली, असं तोंडी सांगतात.

पगारचिठ्ठी अशी: ग्रॉस ३६,०००, त्यात मूळ पगार आणि डीए मिळून १५,०००, बाकी सगळे भत्ते. नोकरी १४ वर्षे ८ महिने, वय ४३. एचआरच्या कागदावर ग्रॅच्युइटी १,२९,८०८ दाखवलीय आणि ती ६ लाखांतच धरलीय.

६ लाख हा आकडा बरा आहे का? सही नाही केली तर कंपनी काढू शकते का? आणि ज्यांनी सह्या करून टाकल्यात त्यांना मागे फिरता येतं का?

हिशेबाची_वही

दादा, आधी ६ लाख बाजूला ठेवा. तुम्ही सही न करता कंपनीने उद्या कायदेशीर कपात केली, म्हणजे कामगार कमी केले, तर तिला किती द्यावे लागतील, तो आकडा काढा. ते पैसे तुमचेच आहेत. त्याच्या वर जेवढं असेल तेवढीच ऑफर.

वेतन कशाला म्हणायचं ते पहिलं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू आहेत. त्यांत घरभाडं, प्रवास असे वगळायचे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेले, तर वरचा भाग वेतनात परत मिळवायचा. तुमचे भत्ते २१,००० आहेत, म्हणजे निम्म्यापेक्षा ३,००० जास्त. त्यामुळे वेतन किमान १८,००० धरायचं, १५,००० नाही. एचआरने जुन्याच आकड्यावर ग्रॅच्युइटी काढलीय.

ग्रॅच्युइटी: १८,००० × १५ ÷ २६ × १५ वर्षे = १,५५,७६९. सहा महिन्यांवरचा काळ पूर्ण वर्ष धरतात, म्हणून १४ वर्षे ८ महिन्यांची १५ वर्षे. इथेच २५,९६१ रुपये कमी दाखवलेत.

कपातीची भरपाई: दर वर्षाला १५ दिवसांचं सरासरी वेतन. इथे युनियनवालेसुद्धा चुकतात. २६ ने भागणं फक्त ग्रॅच्युइटीत. कपातीत १५ दिवस म्हणजे अर्ध्या महिन्याचं वेतन, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये स्पष्ट केलंय. म्हणून ९,००० × १५ = १,३५,०००. सरासरी शेवटच्या तीन पूर्ण महिन्यांची काढतात, त्यामुळे वादाच्या दिवसांत बिनपगारी खाडे करू नका, आकडा घसरतो.

नोटिशीचा एक महिना: १८,०००. कपात झालेल्या कामगारासाठी पुनर्कौशल्य निधीचे (नवं काम शिकण्यासाठीचे) १५ दिवसांचे ९,०००, जे ४५ दिवसांत खात्यात यायला हवेत. व्हीआरएसवर सही केली की ही कपात राहत नाही, मग हेही गेले.

बेरीज ३,१७,७६९. शिल्लक रजेचे पैसे आणि बोनस वेगळे, ते तर कसेही द्यायचेच असतात. म्हणजे ६ लाखांत नवीन पैसे फार तर २,८२,२३१. तुमच्या ग्रॉसने भागा: आठ महिन्यांचाही पगार होत नाही. निवृत्तीचं वय ५८ असेल तर त्या बदल्यात १५ वर्षांची नोकरी सोडायची. बरा आहे का, ते तुम्हीच ठरवा.

आणखी एक. 'सगळं मिळून' असा एकच आकडा कधीच मान्य करू नका. व्हीआरएसच्या रकमेला ५ लाखांपर्यंत आयकर माफ असतो आणि ग्रॅच्युइटीची माफी त्याहून वेगळी. गोळाबेरीज दाखवली तर नंतर विवरणपत्र भरताना डोकेदुखी तुमची. पाच रकाने मागा: व्हीआरएस, ग्रॅच्युइटी, रजा, बोनस, थकीत पगार.

आवक_जावक

काढू शकते का? हो, पण एचआर सांगतं तितकं सोपं नाही.

कपातीला सरकारची आधी परवानगी लागण्याची मर्यादा आता ३०० कामगारांची आहे, केंद्राच्या जुन्या कायद्यात ती १०० होती. तुम्ही १७०, म्हणजे परवानगीचा अडसर नाही. पण बाकीच्या अटी सुटत नाहीत: कारणासह एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, सरकारला कळवणं, आणि भरपाई कपातीच्या वेळीच हातात. 'पुढच्या महिन्यात खात्यात टाकू' म्हटलं तर कपातच टिकत नाही. शेवटी आलेला आधी बाहेर हा नियम त्या त्या वर्गात लागतो. तुम्ही १४ वर्षांचे, मग तुमच्या मशीनवर ३ वर्षांचा माणूस ठेवून तुम्हाला काढायचं तर कारण लिहून नोंदवावं लागतं. म्हणून आजच युनियनच्या लेटरहेडवर सेवाज्येष्ठता यादी मागा. पूर्ण बंद करायचं असेल तर ६० दिवस आधी सरकारला नोटीस लागते, कारण कारखान्यात कामगार ५० च्या वर आहेत.

बदली. नेमणूकपत्र काढून वाचा. 'कंपनीच्या कोणत्याही शाखेत' असं कलम असलं तरी व्हीआरएस नाकारली म्हणून केलेली बदली द्वेषबुद्धीची ठरू शकते, आणि महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात अशी बदली अनुचित कामगार प्रथा म्हणून नावानिशी लिहिलेली आहे. तक्रारीची मुदत घटनेपासून ९० दिवस, अंतरिम आदेशाची सोय कलम ३०(२) मध्ये. चार संहितांपैकी औद्योगिक संबंध संहितेने जे तीन कायदे रद्द केले, त्यांत हा नाही. तरी समोरचा वकील अधिकारक्षेत्राची हरकत घेणारच. म्हणून त्याच आठवड्यात कामगार उपायुक्तांकडे समेटाचा (सरकारी अधिकाऱ्याच्या मध्यस्थीचा) अर्जही टाकून ठेवा, आणि ९० दिवसांची मुदत दोन्हीकडे पाळा. संहितेतल्या दोन वर्षांच्या मुदतीच्या भरवशावर बसू नका.

हे सगळं सिद्ध कशावर करणार? तोंडी धमकीला पुरावा नसतो, तो तयार करावा लागतो. केबिनमधून बाहेर आल्यावर त्याच दिवशी पत्र: 'आज अमुक वाजता मला व्हीआरएस फॉर्मवर सही करण्यास सांगितले, न केल्यास बदली होईल असे सांगितले, मी स्वेच्छेने अर्ज केलेला नाही व करू इच्छित नाही.' ईमेल करा आणि स्पीड पोस्टने पाठवा. आवक खात्याने पोच नाकारली तर पोस्टाची पावती पुरते. १७० पैकी ४० जणांनी जरी अशी पत्रं वेगवेगळ्या तारखांना टाकली, तरी 'स्वेच्छा' हा शब्द कोर्टात उभा राहणं अवघड. मात्र एकाच मजकुराच्या झेरॉक्सवर सगळ्यांच्या सह्या नकोत. ते सरळ शिकवलेलं दिसतं.

सही केलेले मागे फिरू शकतात, जोवर कंपनीने स्वीकारल्याचं कळवलेलं नाही किंवा सेवा संपण्याची तारीख उजाडलेली नाही तोवर. अर्ज मागे घेत असल्याचं दोन ओळींचं पत्र आजच, ईमेलने, वेळ दिसेल असं. फॉर्मवर 'अर्ज मागे घेता येणार नाही' असं छापलं असेल तरी पाठवा, वाद घालायला जागा राहते. खात्यात पैसे आले, ते खर्च झाले आणि सहा महिन्यांनी 'दबाव होता' म्हटलं, तर त्याला कुणी फारसं विचारत नाही.

सीएनसी_दुसरी_पाळी

आकडे पाहून डोळे उघडले. आज सगळ्यांना दाखवतो. कमिटीतले काही म्हणतात, सोमवारी सगळ्यांनी एकदम कॅज्युअल रजा टाकू, म्हणजे संपही नाही आणि दणकाही. आणि रात्रपाळीला दोन मशीन ट्रकमध्ये चढवल्याचं कळलं.

गेटमीटिंग

भाऊ, सोमवारचं आधी थांबवा. ५० टक्के किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी घेतलेली कॅज्युअल रजा संहितेत संपच धरली आहे. संपाला आधी १४ दिवसांची नोटीस हवी, समेट चालू असताना आणि नंतर ७ दिवस तो करता येत नाही. बेकायदा संप झाला की पगार तर जातोच, शिवाय चार्जशीटचा कागद कंपनीला तुम्हीच लिहून दिला. व्हीआरएस नको म्हणणाऱ्या पुढाऱ्यांची नावं त्यात सगळ्यात वर असतील.

समेट चालू असताना वादाशी संबंधित सेवाशर्ती कंपनीला बदलता येत नाहीत. पण हे संरक्षण अर्ज दिल्यापासून नाही, समेट अधिकाऱ्याची पहिली बैठक झाल्यापासून सुरू होतं. त्यामुळे अर्ज देऊन घरी येऊ नका, तारीख घेऊनच निघा. अर्जात मागणीपत्र, व्हीआरएसचा दबाव आणि बदलीची धमकी तिन्ही घाला. जे लिहिलं नाही ते 'वादाशी संबंधित नाही' म्हणून निसटतं.

मशीनचं: कोणतं मशीन, कंपनीचा मालमत्ता क्रमांक, कोणत्या तारखेला, कोणत्या पाळीत, ट्रकचा नंबर. यादी करून समेट अधिकाऱ्याला आणि कंपनीला द्या. ट्रक अडवू नका, त्यातून पोलीस केस होते. जी मशीन अजून चालू आहेत त्यांवर कंत्राटी माणसं बसवलीत का, तेही रोजच्या रोज लिहा. कायम कामगाराला काम नाही म्हणायचं आणि त्याच मशीनवर कंत्राटी चालवायचा, यापेक्षा चांगला मुद्दा तुम्हाला मिळणार नाही.

हिशेबाची_वही

एक राहिलं. कंपनी आता युनियनशी 'पॅकेज'वर तडजोड करू पाहील. समेट अधिकाऱ्यासमोर झालेली तडजोड सगळ्या कामगारांना बांधते, सभासद नसलेल्यांनाही. बाहेर परस्पर केलेली फक्त करार करणाऱ्या पक्षांना, म्हणजे युनियनने केली तर तिच्या सभासदांना. कमिटीला सहीचा अधिकार देण्याआधी सर्वसाधारण सभेचा ठराव घ्या. त्यात आकडा, किती जण जाणार, आणि राहणाऱ्यांची बदली होणार नाही, हे तिन्ही स्पष्ट शब्दांत हवं. इतिवृत्तावर हजर असलेल्यांच्या सह्या त्याच दिवशी घ्या.