मदत हवी आहे: डोक्याला भेग गेलेली आर्मांड मार्सेल (जुना जर्मन बाहुली-कारखाना) ३९० क्रमांकाच्या साच्याची बाहुली, किंमत कशी धरावी?

उंची ५५ सेंमी, डोकं बिस्कचं, म्हणजे चकाकी न दिलेल्या भाजलेल्या चिनी मातीचं. विग उचलल्यावर मानेमागे कोरलेलं दिसतं: आर्मांड मार्सेल, जर्मनी, ३९०, खाली ए ४ एम. म्हणजे साल १८९१ नंतरचंच, कारण अमेरिकेच्या आयात कायद्याने तेव्हापासून देशाचं नाव सक्तीचं झालं. हा साचा भरपूर निघाला, त्यामुळे दुर्मीळ वगैरे नाही.

डोक्यात छोटा टॉर्च धरला की कपाळापासून डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यापर्यंत केसासारखी काळी रेघ दिसते. बाहेरून नखाला लागत नाही. उघडमीट करणारे डोळे निखळून आत पडलेत. धड लगद्याचं, सांध्यांतलं इलॅस्टिक सैल, उजव्या हाताची दोन बोटं तुटलेली.

फ्रॉक रेशमी. घडीघडीवर उभा चिरलाय, म्हणजे वजन वाढवायला धातूचे क्षार दिलेलं रेशीम असावं. पाण्यात घातलं तर चिंध्याच होतील, म्हणून धुतलेला नाही. मागे हुक आहेत, अस्तर सुती.

भेग डोळ्यापाशी पोचल्यावर किंमत किती टक्के उतरते? धड मूळचं की नंतर जोडलेलं, हे मानेच्या खोबणीवरून ठरवता येतं का? फ्रॉक बाहुलीसोबतच ठेवावा की वेगळा विकावा?